अस्थींची घडामोड : एका चिकट द्रव्याचा इतिहास

मराठी भाषेंत हाडाला मोठा मान आहे. ज्याची विद्या वरवरची नाहीं त्याला आपण हाडाचा पंडित म्हणतों. ज्याची मातीशीं निष्ठा पिढीजात आहे तो हाडाचा शेतकरी. आणि पुराणकारांना वज्रासारखें अभंग आयुध घडवावयाचें होतें तेव्हां दधीचि ऋषींच्या अस्थींवांचून दुसरें साहित्य त्यांना सुचलें नाहीं. मनुष्य गेल्यावर रक्त, मांस व कांति ह्यांचा मागमूस राहत नाहीं, पण अस्थि मागें राहतात. तेवढ्यावरूनच जें मूळचें, जें टिकाऊ, जें न बदलणारें तें हाड, अशी खूणगांठ आपल्या मनांत बसली आहे. उलटपक्षीं जें बुळबुळीत, चिकट व तार धरणारें असेल त्याच्याविषयीं आपणांस तिटकाराच वाटतो. शेंबूड, लाळ, चिकटा ह्या शब्दांना कोणीं बिरुद म्हणून मिरविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

गेल्या तीनशें वर्षांच्या शरीरशास्त्रानें ह्या दोन्ही समजुती उलथून टाकिल्या आहेत. हाड रोज मोडतें आणि रोज घडतें, हें प्रथम कळून आलें. आणि ह्या मोडण्याघडण्यावर ज्यांचा अंमल चालतो त्यांमध्यें एका चिकट, पारदर्शक, कालपर्यंत अडगळींत जमा असलेल्या द्रव्याचाहि हात आहे, हें अगदीं अलीकडे ध्यानांत येऊं लागलें. ह्या द्रव्याचें नांव हायल्युरॉनिक आम्ल. चेहऱ्यास लावावयाच्या मलमांच्या आणि गुडघ्यांत टोंचावयाच्या औषधांच्या जाहिरातींतून हें नांव आज पुष्कळ घरांत जाऊन पोंचलें आहे. परंतु त्याचा हाडांशीं संबंध काय, तो कोणी व कसा शोधून काढिला, आणि त्या संबंधाच्या आधारावर सामान्य माणसानें किती आशा बाळगावी, ह्यांचा एकत्र विचार करण्याचा येथें आमचा हेतु आहे.

प्रारंभ इंग्लंडापासून करावयास पाहिजे. इ. स. १६९१ मध्यें क्लॉप्टन हॅव्हर्स ह्या इंग्रज वैद्यानें ‘ऑस्टिऑलोजिया नोव्हा’ हा अस्थिविषयक ग्रंथ लंडन येथें प्रसिद्ध केला. हाडाच्या अगदीं घट्ट भागांतहि सूक्ष्म नळ्यांचें जाळें असतें, असें त्यानें त्यांत दाखविलें. ह्या नळ्या आजहि त्याच्याच नांवानें ओळखल्या जातात. त्यांतून मज्जेंतील तेल वाहत असावें असा त्याचा तर्क होता; वस्तुतः त्यांतून रक्तवाहिन्या जातात. तर्क चुकला, पण हाड दगडासारखें भरीव नाहीं एवढें ठरलें. गमतीची गोष्ट अशी कीं, ह्याच ग्रंथांत हॅव्हर्सनें सांध्यांतील बुळबुळीत रसाचा आणि तो रस स्रवणाऱ्या ग्रंथींचाहि विचार केला आहे. म्हणजे हाड व चिकट रस हे दोघे एकाच पुस्तकाच्या पानांत शेजारी येऊन बसले. त्यांची खरी ओळख होण्यास मात्र आणखी २८० वर्षांहून अधिक काळ जावा लागला. आपल्या आयुर्वेदानें सांध्यांना वंगण पुरविणाऱ्या श्लेषक कफाची कल्पना फार पूर्वीं केली होती, हें येथें कोणासहि आठवेल. तिचें श्रेय तिला अवश्य द्यावें. परंतु तेवढ्यावरून पुढील रसायनशास्त्रहि आपल्या पूर्वजांस अवगत होतें असें म्हणूं लागणें सत्यास धरून होणार नाहीं.

हाड जिवंत आहे हें ज्या प्रसंगानें उघडकीस आलें त्याचा एक धागा हिंदुस्थानापर्यंत येऊन पोंचतो. कालिकत बंदरावरून ज्याला कॅलिको हें नांव मिळालें त्या सुती कापडावर छपाई करण्याचा धंदा अठराव्या शतकांत इंग्लंडांत चालत असे, आणि तांबड्या रंगासाठीं आपल्या मंजिष्ठेच्याच कुळांतील मॅडर नांवाच्या वनस्पतीचीं मुळें तेथें वापरीत. लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील शस्त्रवैद्य जॉन बेल्शियर हा अशा एका छपाईवाल्याकडे जेवावयास गेला असतां पानांतील डुकराच्या मांसामधलीं हाडें त्याला तांबडीं दिसलीं. चौकशी करितां कळलें कीं, रंगविलेलें कापड स्वच्छ करण्याकरितां वापरलेला कोंडा डुकरांना खावयास घालीत असत. मांसाला रंग नव्हता. तांबडीं झालीं होतीं तीं फक्त हाडें. हा वृत्तांत बेल्शियरनें १७३६ मध्यें प्रसिद्ध केला. जेवणाच्या पानांत पडलेलें हाड अनेकांनीं बाजूस सारिलें असेल. ह्या गृहस्थानें तें उचलून विचार केला. पोटांत गेलेला रंग हाडांत उतरतो, ह्याचा अर्थ हाड अन्नरस घेतें. आणि जें अन्न घेतें त्याला मृत म्हणतां येत नाहीं.

हा धागा फ्रान्समध्यें द्युआमेल द्यु मोंसो ह्यानें उचलला. तो झाडांचा मोठा अभ्यासक होता, आणि झाडाच्या खोडावर सालीखालीं वर्षावर्षाला नवा थर चढतो त्याप्रमाणें हाडावरहि चढत असावा असें त्याला वाटे. कोंवळ्या जनावरांना कांहीं दिवस मॅडर खावयास घालावयाचें व कांहीं दिवस बंद करावयाचें, असा क्रम ठेवल्यावर हाडांत तांबडे व पांढरे थर एकाआड एक दिसूं लागले. हाडाभोंवतीं त्यानें तारेचें कडें बसविलें. कांहीं काळानें तेंच कडें हाडाच्या आंत, मज्जेच्या पोकळींत सांपडलें. कडें आंत सरकलें कसें? ह्याचा उलगडा इंग्लंडांत जॉन हंटर (१७२८–१७९३) ह्यानें केला. कडें जागचें हललें नव्हतें. बाहेरून नवें हाड चढत गेलें आणि आंतून जुनें हाड विरघळत गेलें, म्हणून बाहेरची वस्तु आंत आल्यासारखी दिसली. हंटरचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हाड वाढतें तें नुसत्या भरीनें वाढत नाहीं. जितकें घडतें तितकें मोडतहि असतें, आणि मोडल्यावांचून त्याला आकार येत नाहीं. आपल्या भाषेंतील ‘घडामोड’ हा शब्द बनविणारानें हंटरचा निबंध वाचलेला नव्हता; पण हाडाचें सर्व चरित्र त्या एका शब्दांत आलें आहे.

घडविणारे व मोडणारे हात कोणाचे, हें मात्र एकोणिसाव्या शतकांतील सूक्ष्मदर्शकानेंच दाखविलें. जॉन हाउशिप ह्या इंग्रज शस्त्रवैद्यानें त्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत हाडाच्या पृष्ठावर कुरतडल्यासारखे खळगे पाहिले. १८६४ मध्यें जर्मनींतील गेगेनबाउर ह्यानें हाड रचणाऱ्या पेशींना ‘ऑस्टिओब्लास्ट’ हें नांव दिलें. त्यांना आपण अस्थिजनक म्हणूं. १८७३ मध्यें कॉलिकर ह्यानें हाउशिपच्या खळग्यांत बसलेल्या अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशींना ‘ऑस्टिओक्लास्ट’ म्हणजे अस्थिभंजक असें नांव दिलें. जुन्या वाड्याची डागडुजी त्यांत बिऱ्हाड असतांनाच करावी, त्यांतला हा प्रकार आहे. भंजक आधीं येतात, आम्ल व पाचक रस सोडून हाडाचा जुना तुकडा विरघळवितात आणि निघून जातात. मग जनक येतात, तो खळगा भरून काढतात, आणि त्यांतलेच कांहीं नव्या हाडांत स्वतःला चिणून घेऊन तेथेंच कायम राहतात. १९६० नंतर अमेरिकेंतील हॅरोल्ड फ्रॉस्ट ह्यानें हें काम किती शिस्तीनें व किती ठिकाणीं एकाच वेळीं चालतें ह्याची मांडणी केली. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारें १० टक्के भाग दर वर्षीं ह्या रीतीनें नवा होतो. उतारवयांत, आणि स्त्रियांच्या बाबतींत विशेषतः पाळी थांबल्यानंतर, मोडणाऱ्यांचें पारडें जड होतें. घरांतील वृद्ध बाईचा पाय न्हाणीघरांत घसरतो आणि खुब्याचें हाड काडीसारखें मोडतें, त्याचें मूळ ह्या बिघडलेल्या हिशेबांत असतें.

आतां कथेंतील दुसऱ्या पात्राकडे वळूं. कार्ल मेयर ह्यांचा जन्म १८९९ मध्यें जर्मनींत झाला. कोलोन व बर्लिन येथें शिक्षण घेऊन ते १९३० मध्यें अमेरिकेंत गेले आणि पुढें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील नेत्रविभागांत संशोधन करूं लागले. १९३४ मध्यें त्यांनीं व त्यांचे सहकारी जॉन पामर ह्यांनीं गुरांच्या डोळ्यांतील कांचेसारख्या पारदर्शक रसापासून एक नवें द्रव्य वेगळें केलें. कांचेला ग्रीक भाषेंत ‘हायलॉस’ म्हणतात. द्रव्यांत युरॉनिक नांवाचें आम्ल सांपडलें. ह्या दोहोंची सांगड घालून हायल्युरॉनिक आम्ल हें नांव सिद्ध झालें. लवकरच तें नाळेंत सांपडलें, १९३७ मध्यें कांहीं रोगजंतूंच्या वेष्टनांत सांपडलें, आणि १९३९ मध्यें हॅव्हर्सनें वर्णिलेल्या त्या सांध्यांतील रसांतहि सांपडलें.

ह्याची रचना १९५० नंतरच्या दशकांत पक्की झाली, आणि ती पाहून प्रथमदर्शनीं निराशाच व्हावी इतकी ती साधी आहे. साखरेच्या जातीचे दोन घटक एकाआड एक, एकाआड एक, असे हजारों वेळां गुंफले कीं ही माळ तयार होते. मध्यें कोठें मेरुमणि नाहीं, नक्षी नाहीं, फांटा नाहीं. दहा हजार जोड्यांची माळ ताठ ताणून धरिली तर ती सुमारें १० मायक्रोमीटर भरेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशीच्या व्यासाहूनहि ती लांब आहे. शरीरांत ती ताठ नसते. सैल गुंडाळी करून स्वतःभोंवतीं भरपूर पाणी धरून राहते, म्हणूनच तिला तो चिकटपणा येतो. एका माणसाच्या शरीरांत हें द्रव्य सुमारें १५ ग्रॅम असतें, आणि त्यांतील जवळजवळ तिसरा हिस्सा रोज मोडून रोज नवा केला जातो. घडामोडीचा नियम येथेंहि सुटला नाहीं.

परंतु एवढी उलाढाल दिसत असूनहि ह्या द्रव्याकडे पाहण्याची दृष्टि फार काळ बदलली नाहीं. पेशींमधल्या मोकळ्या जागेंत जें कांहीं असतें त्याला शास्त्रज्ञ नुसतें भरणद्रव्य समजत. कांचेचीं भांडीं पेटींत पाठवितांना मध्यें गवत भरावें, तशी ही भर. १९२८ मध्यें ड्युरान-रेनाल्स ह्यांनीं असें दाखविलें होतें कीं, कांहीं प्राणिज अर्कांबरोबर टोंचलेलें द्रव्य कातडींत फार लवकर व फार दूर पसरतें. १९४० मध्यें अर्न्स्ट चेन व ड्युथी ह्यांनीं त्याचें कारण शोधिलें. ते अर्क हायल्युरॉनिक आम्लाची माळ तोडणारें पाचक द्रव्य घेऊन येत, आणि माळ तुटली कीं वाट मोकळी होई. पेनिसिलिनमुळें पुढें जगविख्यात झालेले ते हेच चेन. ह्यावरून आपल्या द्रव्याला फार तर कुंपणाचा दर्जा मिळाला. कुंपण उपयोगी खरें. पण कुंपण कोणाशीं बोलतें असें कोणीं मानीत नाहीं.

हाडाच्या संबंधांत पहिली सूचना १९७६ च्या सुमारास मिळाली. मानेंतील परावटु ग्रंथींचा स्राव रक्तांत वाढला कीं हाडांतील कॅल्शियम बाहेर पडतें, हें पूर्वींच ठाऊक होतें. लुबेन व कोन ह्या अमेरिकन संशोधकांनीं हाडाचे तुकडे प्रयोगपात्रांत जिवंत ठेवून त्यांवर हा स्राव घातला, तेव्हां हाड झिजूं लागलेंच, पण त्याबरोबर हायल्युरॉनिक आम्लाची निर्मितिहि वाढली. भर घालण्याचें द्रव्य मोडतोडीच्या वेळींच अधिक कां निर्माण व्हावें? ह्या प्रश्नाचें दार १९९० मध्यें किलकिलें झालें. पेशींच्या पृष्ठावर ‘सीडी-४४’ ह्या रुक्ष नांवाचें एक प्रथिन असतें. तें हायल्युरॉनिक आम्लाला धरून ठेवणारा हात आहे, असें त्या वर्षीं सिद्ध झालें. हाड मोडणाऱ्या राक्षसी पेशींवर आणि हाडांत चिणून बसलेल्या पेशींवर हा हात विपुल असतो, हेंहि पुढें दिसून आलें. धरणारा हात आहे, तर धरलेल्या वस्तूला कांहीं अर्थ असला पाहिजे.

मुलांचीं हाडें लांब होतात तेथें तर ह्या द्रव्याचें काम अगदीं नजरेंत भरण्यासारखें आहे. हाडाच्या टोंकाशीं कूर्चेची एक पट्टी असते. तींतील पेशी फुगतात, आणि मागून तेथें हाड भरत जातें. ह्या पेशींभोंवतीं जमा झालेलें हायल्युरॉनिक आम्ल पाणी ओढून घेऊन त्यांच्या कोठड्या आंतून दाबानें रुंद करितें, असें १९९६ मधील एका संशोधनानें दाखविलें. आणि २००९ मध्यें, हें आम्ल बनविणारें मुख्य यंत्र ज्यांच्या फक्त हातापायांतून काढून टाकिलें होतें असे उंदीर तपासण्यांत आले, तेव्हां त्यांचे अवयव अतिशय आंखूड राहिले व सांधेहि नीट बनले नाहींत. सर्व शरीरांतूनच तें यंत्र काढिलें तर उंदराचा गर्भ जन्मापर्यंत पोंचतच नाहीं, हें २००० सालींच कळलें होतें. नुसतें पेटींतलें गवत काढून घेतल्यानें असला अनर्थ होत नसतो.

प्रौढ हाडाच्या बाबतींत मात्र प्रकरण गुंतागुंतीचें झालें. १९९७ व १९९८ ह्या दोन वर्षांत हाड मोडण्याच्या कामाची किल्ली हातीं आली. अस्थिजनकांच्या कुळांतील पेशीच ‘रँकल’ नांवाचा एक निरोप पाठवून भंजकांना जन्मास घालतात, आणि दुसरें एक प्रथिन तो निरोप वाटेंत अडवितें, असें निष्पन्न झालें. म्हणजे मोडणारा व घडविणारा हे शत्रु नसून घडविणाऱ्याच्याच हुकुमानें मोडणारा कामास लागतो. आतां साहजिकच प्रश्न निघाला कीं, हायल्युरॉनिक आम्ल ह्या कारभारांत कोणाच्या बाजूचें? २००५ मध्यें जपानांतून उत्तर आलें कीं, तें सीडी-४४ च्या द्वारें भंजकांची संख्या वाढवितें. २००७ मध्यें कोरियांतून उत्तर आलें कीं, तें भंजकांची उत्पत्ति रोखून धरितें. दोन्ही प्रयोग काळजीपूर्वक केलेले; दोन्हींचे निष्कर्ष परस्परविरुद्ध.

ह्या विरोधाचा उलगडा ज्या गोष्टींत आहे ती आम्हांस सर्व कथेंत अधिक विचार करण्यासारखी वाटते. जपानी प्रयोगांतील माळा तुटलेल्या, आंखूड होत्या. कोरियन प्रयोगांतील माळा लांब व अखंड होत्या. द्रव्य एकच, घटक तेच, क्रम तोच. फरक काय तो लांबीचा. निरोगी ऊतकांत ही माळ लांब असते. दाह झाला, जखम झाली, कीं तिचे तुकडे पडतात. तेव्हां लांब माळ म्हणजे येथें सर्व ठीक आहे ही खूण, आणि तुकडे म्हणजे मोडतोड झाली आहे, सफाईस या, ही हाक, असा अर्थ पुष्कळ शास्त्रज्ञ लावितात. गांवांतील देवळाची घंटा संथ वाजली तर आरती, आणि घाईघाईनें तुटक वाजली तर कोठें तरी आग लागली, हें आपण जसें ओळखतों तसेंच हें. हाड रचणाऱ्या पेशींविषयींहि असेंच आढळतें. २००३ मध्यें उंदरांच्या कवटींतून काढलेल्या अशा पेशींवर प्रयोग झाले, त्यांत माळेच्या लांबीप्रमाणें व मात्रेप्रमाणें परिणाम बदलत गेला.

येथें लेखणी थोडी आंवरली पाहिजे. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग कांचपात्रांत वाढविलेल्या पेशींवर किंवा उंदरांवर झालेले आहेत. सीडी-४४ हा हात ज्यांना जन्मतःच नाहीं असे उंदीर तयार करण्यांत आले, तेव्हां त्यांचा सांगाडा कोलमडून पडेल अशी कोणाची कल्पना असेल तर ती खोटी ठरली; ते उंदीर जगतात, धांवतात, आणि त्यांचीं हाडें इतरांहून फारशीं निराळीं नसतात. शरीर एका कामासाठीं एकाच चाकरावर विसंबत नाहीं, हा त्याचा अर्थ. म्हणून हायल्युरॉनिक आम्ल हाडांच्या कारभारांतील अनेक कामगारांपैकीं एक आहे, राजा नव्हे, एवढेंच आज म्हणतां येतें.

हें सांगण्याचें कारण असें कीं, जें अर्धवट कळलें असतें त्याचाच बाजारांत गवगवा अधिक होतो. हाड जिवंत आहे, त्यांत हें द्रव्य आहे, तें पेशींना चेतना देतें. तेव्हां ह्या द्रव्याच्या गोळ्या घ्या म्हणजे हाडें बळकट होतील, असा युक्तिवाद दुकानाच्या फळीवरून आपणांशीं बोलत असतो. वरील इतिहास ज्यानें लक्षपूर्वक वाचला त्याला ह्यांतील पोकळी सहज दिसेल. पोटांत गेलेल्या लांब माळेचे तुकडे होतात. कोणत्या लांबीचा तुकडा हाडापर्यंत पोंचेल आणि तेथें जाऊन घडविण्याचा हुकूम देईल कीं मोडण्याचा, हें जाहिरात सांगत नाहीं. अशा गोळ्यांनीं माणसाचें हाड मोडण्याचें टळतें असें सिद्ध झालेलें नाहीं. गुडघ्याच्या सांध्यांत हें द्रव्य टोंचण्याची परवानगी अमेरिकेंत १९९७ मध्यें मिळाली. तेथेंहि २०२२ मध्यें अनेक चांचण्यांचा एकत्र आढावा घेतला असतां खोट्या टोंचणीच्या मानानें मिळणारा आराम फारच अल्प निघाला. उलट डोळ्याच्या शस्त्रक्रियेंत सुमारें १९८० पासून हेंच द्रव्य निःसंशय उपकारक ठरलें आहे. कारण तेथें त्याच्याकडून नुसत्या चिकटपणाची व पारदर्शकतेची अपेक्षा असते, आणि तेवढी तें पुरी करितें. हाडांच्या ठिसूळपणावर २०१० मध्यें जें एक नवें औषध मान्य झालें, तें रँकलचा निरोप नेमका कोठें अडवावा हें कळल्यावर निघालें. संबंध आहे एवढें कळणें निराळें, आणि त्या संबंधाला कोठें हात घालावा हें कळणें निराळें. ह्या दोहोंमधील अंतर हंटरपासून मोजलें तर दोनशें वर्षांहून अधिक भरतें.

तथापि ह्यामुळें कोणीं निराश व्हावें असें नाहीं. चालणें, भार उचलणें, सूर्यप्रकाश, पुरेसें कॅल्शियम व प्रथिनें, आणि वृद्धांच्या घरांत निसरड्या जागीं धरावयास एक दांडी, हीं साधनें जुनीं असलीं तरी हाडांच्या हिशेबांत त्यांची जमा आजहि मोठी आहे. आणि हाड फार ठिसूळ झाल्याची शंका आल्यास वैद्यास वेळेवर विचारणें हें त्यांहूनहि महत्त्वाचें. पुढें कदाचित् योग्य लांबीची माळ योग्य जागीं नेऊन मोडलेलें हाड लवकर सांधतां येईल. दंतवैद्य जबड्याच्या हाडावर तसले प्रयत्न करीतहि आहेत, परंतु त्यांचे निकाल अद्याप एकसारखे नाहींत.

हाडाला आपण अक्षय मानिलें, तें रोज क्षय पावून उभें राहणारें निघालें. चिकट्याला आपण अडगळ मानिलें, तें निरोप्याचें काम करणारें निघालें. जेवणाच्या पानांतील तांबडें हाड आणि गुरांच्या डोळ्यांतील पाणी ह्या दोन क्षुल्लक वस्तूंपाशीं कोणी थांबला म्हणून हें कळलें. येथून पुढें कोणास हाडाचा पंडित म्हणतांना त्या शब्दाचा अर्थ थोडा बदलून घेण्यास हरकत नाहीं. ज्याचें ज्ञान एकदां घट्ट होऊन राहिलें तो हाडाचा नव्हे. जो आपल्या ज्ञानाचा जुना, झिजलेला भाग रोज थोडा थोडा मोडून तेथें नवा भरीत असतो, तोच खरोखर हाडाचा.